डावीकडचा दुसरा दात

पत्र आलं तेव्हा ताईच्या हातात एका रिटायर झालेल्या कंडक्टरचा वरचा जबडा होता. प्लास्टरचा, अर्थात. स्वतः कंडक्टर तोंडाचं बोळकं घेऊन घरी वाट बघत बसले होते आणि ताई त्यांच्यासाठी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत होती. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने मेणाची बोटं पुसली आणि वाचायला घेतलं.

परदेशातल्या दातांच्या लॅबने तिला नोकरी देऊ केली होती. तीन वर्षांचा करार, खिडकीजवळ स्वतःचं टेबल, आणि प्रत्येक कवळी बनवणाऱ्याच्या नावानिशी बाहेर जाणार. हे शेवटचं तिने दोनदा वाचलं. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. 'विशेषतः चौथ्या फोटोतली कवळी आम्हाला फार आवडली. डावीकडचा दुसरा दात किंचित वळवला आहे, त्यामुळे ती कवळी वाटत नाही, कुणाचंतरी स्वतःचं हसू वाटतं. असा हात शिकवून येत नाही.'

ताईने फोन टेबलावर उलटा ठेवला. कारण सतरा वर्षांत तिने एकही दात वळवला नव्हता. तिचं काम सरळ, स्वच्छ, पट्टीने आखल्यासारखं. दात वळवून लावणारी इथल्या लॅबमध्ये एकच होती, आणि ती या क्षणी शेजारच्या टेबलावर मान वाकडी करून, तोंडाने बडबड चालू ठेवून, एका सुळ्याशी झटत होती.

आता हे नीट कळायला ताईच्या लॅबची रीत सांगायला हवी. दुकानांच्या रांगेवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काच, गारवा, महागडी यंत्रं आणि पुरुष. मागच्या खोलीत शेगडी, मेण, प्लास्टरची धूळ, शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी खिडकी आणि बायका. "मेणाला बायकांचाच हात लागतो," असं लॅबचे मालक, म्हणजे सर, म्हणत. कौतुकाने म्हणत. या कौतुकाने सतरा वर्षांत ताईला पुढच्या खोलीत कामाला बसू दिलं नव्हतं.

प्रत्येक कवळीबरोबर डॉक्टरकडे एक चिठ्ठी जायची. तिच्या तळाशी छापलेलं असायचं, 'बनवणाऱ्याची सही'. कवळी ताईची असो नाहीतर आणखी कुणाची, सही सरांची. "डॉक्टर लोकांना पुरुषाची सही दिसली की बरं वाटतं, त्याला मी काय करू?" सर बाहेरगावी असले की मॅडम, म्हणजे सरांच्या बायको, येऊन बसायच्या आणि सरांची सही हुबेहूब करायच्या. मॅडमनी जन्मात मेणाला बोट लावलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली ती सरांच्या भाच्याला मिळाली. त्याला गरम मेण आणि गार मेण यातला फरकसुद्धा ताईनेच हाताला धरून शिकवला होता. आता तो तिला काचेच्या आतून बोटाने बोलवायचा.

घरी वेगळं काय होतं? वडिलांच्या मागे घर भावाचं झालं, आणि घरातले सगळे निर्णय भाऊ घेऊ लागला. ताईचं मत विचारलं जायचं ते चहात साखर किती, एवढ्यापुरतंच. "तुला काय गं, तू सुटी," असं वहिनी म्हणायची. लग्न न झालेल्या बेचाळीस वर्षांच्या नणंदेला सुटी म्हणतात, आणि मोकळी मात्र कुणी सोडत नाही.

म्हणून ती जाहिरात. शोधून काढली ती चिमणीने. चिमणी सत्तावीस वर्षांची, सहा वर्षं ताईच्या शेजारी बसलेली, हाडांची काडी आणि तोंडाला विश्रांती नाही. ताईला गरज नव्हती तेवढी तिला होती. तिच्या मोठ्या काकांनी एक स्थळ आणलं होतं. मुलगा बरा, घर बरं, अट एकच, लग्नानंतर लॅब बंद. महिनाभरात होकार कळवायचा होता, आणि होकारच कळवायचा होता.

"ताई, आपण दोघी भरू. तिकडे एकमेकींना सोबत," चिमणी डबा खाता खाता म्हणाली.

"आणि एकीचंच झालं तर?"

"तर ती दुसरीला ओढून घेईल. तुम्ही मला ओढा, नाहीतर मी तुम्हाला ओढते. माझ्यात तेवढी ताकद नाही, म्हणून तुमचंच आधी होऊ दे."

अर्जाला स्वतःच्या कामाचे पाच फोटो हवे होते आणि खाली एक ओळ होती, 'हे सर्व काम माझ्या हातचं आहे', तिच्याखाली सही. फोटो सगळे ताईच्या फोनमध्ये होते. कवळी बाहेर पडायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवायचं काम सरांनी कधीचंच तिच्या गळ्यात घातलं होतं. शेकडो फोटो, हसणाऱ्या कवळ्यांचे. कुणाखाली कुणाचं नाव नाही.

"माझे पाच तुम्हीच निवडा," चिमणी म्हणाली. "माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं." आणि प्लास्टरसाठी पाणी आणायला ती निघूनही गेली. ताईने पंधरा मिनिटांत दोन ढीग केले. पाच माझे, पाच चिमणीचे.

त्यातला चौथा.

पत्र आल्यावर पहिले दोन दिवस ताईने स्वतःला सांगितलं की चूक झाली. माणूस आहे, चुकायचंच. नाव नाही, गाव नाही, चिठ्ठीवर सही तिसऱ्याचीच, मग कोणती कवळी कुणाची हे कोण लक्षात ठेवणार? हे खरंही होतं. पण खोटं सांगायचं असलं की माणूस आधी खऱ्याचाच आधार घेतो.

कारण ती कवळी ताईला चांगलीच आठवत होती. एका जुन्या मुख्याध्यापिकेची होती. बाईंनी आपला तरुणपणीचा फोटो पाठवला होता, आणि चिमणीने तो पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवून दोन दिवस तो एकच दात लावला, काढला, लावला. "वाकडं काय लावतेस गं, परत येईल," असं ताईनेच तिला हटकलं होतं. कवळी परत आली नाही. निरोप आला की आरशात पाहून बाई रडल्या. त्या दिवशी चिमणीने दिवसभर सगळ्यांना वात आणला होता.

आणि फोटो निवडताना त्याच कवळीवर ताईचा अंगठा थांबला होता. क्षणभरच. मग तो उजवीकडे सरकला, 'माझे' मध्ये. तिने काही ठरवलं नव्हतं. मनात एक शब्दही उमटला नव्हता. अंगठ्याने केलं आणि डोक्याने तिकडे पाहिलं नाही, इतकंच. पण अंगठा काही शेजारणीचा नव्हता. आणि त्यानंतर तिने सही केली. सतरा वर्षांत आपल्या कामाखाली पहिल्यांदा केलेली सही, आणि तीच खोटी.

ताईला पत्र आलं त्याच दुपारी चिमणीलाही त्यांचं उत्तर आलं. 'काम स्वच्छ आहे, पण आणखी अनुभव घ्यावा.' तिने ते मोठ्याने वाचलं, नाक फेंदारलं, आणि मग उठून ताईच्या गळ्यातच पडली.

"तुमचं झालं ना? मग आपलंच झालं!"

"अगं, पण तुझं..."

"माझं बघू. काकांना सांगते, मुलाचे दात बघून मग हो म्हणते. महिना तरी जाईल त्यात."

सगळ्या हसल्या. ताईही हसली, आणि हसताना तिला स्वतःची शिसारी आली. दोन दिवसांनी चिमणीने तिच्यासाठी लोकरीची टोपी विणून आणली, राखाडी, कानांवर पट्ट्या असलेली. "तिकडे कान गारठतात म्हणे." ताईने टोपी घातली नाही. खणात अगदी मागे ढकलून ठेवली आणि वर प्लास्टरची पिशवी ठेवली.

मन खायला लागलं की माणूस आईकडे जातो. रविवारी सकाळी भाऊ-वहिनी बाजारात गेल्यावर ताईने आईला सगळं सांगितलं. आईची कवळी ताईनेच बनवलेली. राग आला की आई ती काढून पेल्यात टाकायची, म्हणजे आता बोलणं बंद. या वेळीही तिने टाकली. मग जरा वेळाने परत घातली, कारण बोलायचं होतं.

"गप्प बस," आई म्हणाली.

"आई, ते तिचं काम आहे."

"असेल. मला माझ्या वडिलांनी कधी काही विचारलं नाही. तुझ्या वडिलांनी नाही. आता तुझा भाऊ विचारत नाही. तुला कुणीतरी पहिल्यांदा विचारलंय, येतेस का म्हणून. तर तू त्यांना सांगणार, मी चोर आहे?"

"तिचं लग्न लावतायत. लॅब सुटणार तिची."

"ती तरणी पोर आहे. तिला दुसरं दार उघडेल. तुला उघडेल का? बोल की."

आईच्या बोलण्यात तिला पटण्यासारखं खूप होतं, आणि तिला भीती त्याचीच वाटली. चिमणीला दुसरं दार नव्हतं. महिन्यातले अकरा दिवस उरले होते, हे तिने बोटांवर मोजलेलं होतं. तरीही सोमवारी ती कामावर गेली, चिमणीशेजारी बसली, तिच्या बडबडीला हूं हूं केलं, आणि गप्प राहिली. मंगळवारीही.

बुधवारी ती सरांकडे अनुभवाचं पत्र मागायला गेली. नव्या नोकरीला ते लागणार होतं. सर खुर्चीत मागे रेलले.

"परदेशी? वा! पण पत्रात काय लिहू, ताई?"

"सतरा वर्षं कवळ्या केल्या, असं लिहा."

"कुणी केल्या?" सरांनी चिठ्ठ्यांची जाडजूड फाईल टेबलावर सरकवली. "यातली एक चिठ्ठी दाखवा तुमच्या सहीची. एक. मी खोटं कसं लिहू?"

ताईचा तोल गेला. सतरा वर्षांचं साठलेलं एकदम तोंडाशी आलं.

"सर, हात माझे झिजले! दुसरीच्या हातचं काम आपल्या नावावर खपवायला तुम्हाला लाज कशी वाट..."

आणि तिथेच तिची दातखीळ बसली. वाक्य अर्धं राहिलं. काचेपलीकडे मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्यातून चिमणीची वाकलेली पाठ दिसत होती. सरांना वाटलं बाई वरमली. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे, असू दे. पाणी घ्या." ताईने पाणी घेतलं नाही. सरांवर ओरडायचा हक्क ही सतरा वर्षांची एकच कमाई तिच्यापाशी होती. ती तिने एका अंगठ्यापायी घालवली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यावर जाऊन बसली. फोन काढला आणि तिकडच्या लॅबला लिहायला लागली. तिने मनाशी ठरवलेलं साधं होतं. त्यांना खरं कळवायचं. मग ते चिमणीला परस्पर विचारतील, चिमणीला आनंद होईल, आणि त्या आनंदात बाकीचं वाहून जाईल. चिमणीच्या तोंडाकडे बघून काही सांगावं लागणार नाही. भित्र्या माणसाचं प्रायश्चित्तही भित्रंच असतं.

'चौथ्या फोटोतली कवळी माझ्या हातची नाही,' तिने लिहिलं. 'ती माझ्या सहकारी'

आणि बोटं थांबली.

सहकारी कोण? चिमणी. फोनमध्ये नंबर होता तो 'चिमणी लॅब' म्हणून. फोटोंचा ढीग होता तो 'चिमणीचे' म्हणून. अर्ज चिमणीने तिचा तिने भरला होता. हजेरीच्या वहीत सर नावं लिहायच्या भानगडीत पडत नसत. मेण एक, मेण दोन, मेण तीन, आणि पुढे बरोबरच्या खुणा. ताईने खूप आठवून पाहिलं. सहा वर्षं. रोज आठ तास, कोपराला कोपर लावून. तिच्या काकांचा स्वभाव माहीत, तिची पाठदुखी माहीत, कोणता दात लावताना ती श्वास धरते तेही माहीत. नाव माहीत नाही.

पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं. आडनावासकट, दारात उभं राहून, शाळेत उभी असल्यासारखं. आणि ताई म्हणाली होती, "बाई गं, एवढीशी तू आणि एवढं मोठं नाव? चिमणीच बरी." सगळ्या हसल्या होत्या. चिमणीही हसली होती. नव्या मुलीने आणखी काय करायचं? सरांनी तिची सही घेतली ती नंतर. नाव ताईने आधीच काढून घेतलं होतं.

ताई उठली. मागच्या खोलीत चिमणी एकटीच होती, दिव्यावर मेण मऊ करत.

"चिमणे," ताई म्हणाली. "तुझं पूर्ण नाव काय गं?"

"का हो? लग्नपत्रिका छापताय की काय?"

"मुख्याध्यापिकेची कवळी," ताई म्हणाली. "ती मी माझी म्हणून पाठवली. त्या कवळीवरच त्यांनी मला घेतलंय. आधी मला वाटलं चुकून झालं. चुकून नाही झालं. मला माहीत होतं."

चिमणीने हातातलं मेण खाली ठेवलं. दिवा फुंकून विझवला. बाहेर भाचा कुणाला तरी हाका मारत होता.

"मी लिहितेय त्यांना," ताई म्हणाली. "आत्ताच. तू म्हणशील तसं लिहिते. मला शिव्या दे, पण..."

"सरांकडे चिठ्ठी देताना मी दोनदा बघते," चिमणी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मापं बरोबर आहेत का, नंबर बरोबर आहे का. सर काय करतील याचा भरवसा नाही म्हणून. तुम्हाला फोटो दिले तेव्हा मी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

ताईला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मागितला असता तर दिला असता," चिमणी म्हणाली. "तेच तर वाईट आहे. खुशाल दिला असता."

तिने टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कोरी चिठ्ठी ओढली. 'बनवणाऱ्याची सही' या ओळीसमोर ठसठशीत गोल अक्षरांत आपलं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि चिठ्ठी ताईपुढे सरकवली.

"नीट बघून लिहा."

ताईने एकेक अक्षर बघून लिहिलं. काना, मात्रा, वेलांटी, काही सुटलं नाही. मोठं नाव होतं, आणि छान होतं. पत्र गेलं.

उत्तर चार दिवसांनी आलं. खरं सांगितल्याबद्दल त्यांनी ताईचे आभार मानले होते आणि खोट्या सहीबद्दल देऊ केलेली नोकरी काढून घेतली होती. दोन्ही एकाच परिच्छेदात, अगदी सभ्यपणे. चिमणीला त्यांनी काम करतानाचा व्हिडिओ मागितला. फोन ताईनेच धरला. चिमणीने तसं सांगितलं नव्हतं, नको असंही म्हणाली नव्हती. सुरुवातीला नाव सांगायचं होतं. चिमणीने ते सांगितलं, आणि ताईने हात हलू दिला नाही.

चिमणीला नोकरी मिळाली, आणि तिच्या काकांनी आकाशपाताळ एक केलं. स्थळ मोडलं, चार नातेवाईक घरी येऊन बसले, चिमणीच्या आईच्या प्रकृतीचं निमित्त पुढे झालं. चिमणी सगळ्यांना पुरून उरली. घरी ताईच्या आईने दोन दिवस कवळी पेल्यातच ठेवली. भावाने विचारलं, "जाणार होतीस ना?" आणि उत्तराची वाट न बघता पेपर उघडला.

शेवटच्या दिवशी चिमणी सगळ्यांना भेटली. पुढच्या खोलीत सरांना, भाच्यालासुद्धा. मागच्या खोलीतल्या बायका रडल्या, तीही रडली, हसली, बडबडली. ताई आपल्या टेबलाशी उभी होती. तिने खणातून राखाडी टोपी काढली. वरची प्लास्टरची धूळ तिने आदल्या दिवशीच झटकली होती, तरी थोडी राहिलीच होती.

"तिकडे कान गारठतात," ताई म्हणाली.

चिमणीने टोपी घेतली, पट्ट्यांची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली. ताईला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. सहा वर्षं रोज संध्याकाळी निघताना ती "येते ताई" म्हणायची, दारातून, एप्रन सोडता सोडता. ताई कधी मान वर करायची, कधी नाही.

चिमणीने पिशवी खांद्याला लावली.

"जाते, मॅडम," ती म्हणाली.